वरच्या मजल्याचं मीटर

विजेचा दर जिन्यासारखा पायऱ्यापायऱ्यांनी चढतो, हे मला लग्न होईपर्यंत माहीत नव्हतं. अमरावतीला माहेरी आम्ही तिघंच. बिल आलं की बाबा ते खिळ्याला अडकवायचे आणि सवडीनं भरून यायचे. त्यावर चर्चा करावी असं त्यात काही नसायचं. सासरी अकोल्याला आले, पहिल्याच उन्हाळ्यात मे महिन्याचं बिल हातात पडलं, आणि मी आ वासून बघत राहिले. मी शाळेत गणित शिकवते. आकड्यांनी मला दचकवावं हा मला अपमान वाटला. म्हणून एका दुपारी कूलरसमोर बसून मी बिलाची मागची बाजू अक्षर न् अक्षर वाचून काढली.

पहिली शंभर युनिटं स्वस्त. त्यापुढे तीनशेपर्यंत दर एकदम उडी मारतो. तीनशेच्या वर गेलात की आणखी उडी. वाचता वाचता मला अचंबाच वाटायला लागला. एक बल्ब आणि एक पंखा लावणाऱ्या माणसाला आणि घरभर एसी लावणाऱ्याला एकच भाव असू नये, हे कुणाला तरी सुचलं, त्यानं ते तीन ओळींत बसवलं, आणि त्या तीन ओळी गावोगावच्या लाखो घरांत गुपचूप काम करत होत्या. इतका सरळ न्याय मी कुठल्या पाठ्यपुस्तकात वाचला नव्हता. मग बिल उलटं केलं आणि गोम लक्षात आली. मीटर युनिटं मोजतं, माणसं मोजत नाही. आमच्या घरात तेव्हा पाच माणसं, दोन कूलर, दोन फ्रिज आणि पाण्याची मोटर. मीटरला हे सगळं मिळून एकच माणूस दिसायचा, आणि तो माणूस भलताच उधळ्या होता. एकत्र राहणाऱ्यांना त्या न्यायात जागाच नव्हती.

घर जठारपेठेत, दुकानांच्या मागच्या गल्लीत. खाली मोठे दीर, जाऊबाई आणि त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा. वरच्या दोन खोल्या आमच्या लग्नासाठी बांधलेल्या, जिना बाहेरून. सासू-सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते, त्यामुळे घरात शब्द चालायचा तो जाऊबाईंचा. त्यांना मी बाई म्हणते. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या, सातवी शिकलेल्या. माहेर रिद्धपूरकडचं, महानुभाव पंथाचं. त्यांच्या घरात लहानपणापासून एक गोष्ट पक्की होती, की तोंडातून गेलेला शब्द म्हणजे दिलेली वस्तू, ती परत मागायची नाही. मला हे तेव्हा जुनाट वाटायचं. भाजीवाल्यालासुद्धा त्या "उद्या येते" म्हणायच्या नाहीत, "आली तं येईन" म्हणायच्या. मी हसायचे.

स्वयंपाकघर एकच, खालचं. शाळा सुटून मी साडेअकराला घरी आले की ताट वाढलेलं असायचं. भाकर, वांग्याची भाजी, नाहीतर चून, म्हणजे आमच्याकडचं पिठलं, आणि वर ताजा चिरलेला सांबार. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. पुण्याच्या एका मैत्रिणीला "चुनावर सांबार टाकून खाल्लं" असं फोनवर सांगितलं तेव्हा तिनं तब्येत बरी आहे ना, असं विचारलं.

तर अशा घरात मी माझी हुशारी पाजळली. वरच्या मजल्यासाठी दुसरं मीटर घ्यायचं. घराचा वापर दोन मीटरवर वाटला गेला की दोन्ही मीटर तीनशेच्या आत राहतील आणि वरची पायरी चढावीच लागणार नाही. गल्लीत दोघा-तिघांनी असंच केलं होतं. मी कागदावर आकडे मांडून दाखवले, दीर खूश झाले, नवरा माझ्याकडे अशा नजरेनं बघत होता की मला लग्नाचा दिवस आठवला. एकच अट होती. एका घरात दुसरं घरगुती मीटर हवं तर कुटुंब वेगळं पाहिजे, आणि कुटुंब वेगळं म्हणजे चूल वेगळी. ऑफिसातून साहेब येऊन स्वयंपाकघर बघणार, खालच्या घराचा जबाब घेणार, त्यावर सही घेणार. "त्यात काय," मी म्हटलं, "वर एक शेगडी मांडून ठेवू. तो बघेल आणि जाईल."

लग्नात आलेली दोन बर्नरची शेगडी माळ्यावर खोक्यातच होती. ती वरच्या मागच्या खोलीत ओट्यावर मांडली. शेजारी चार पातेली, एक कढई, डबे. डबे रिकामे. रविवारी संध्याकाळी मी हे सगळं पुसत असताना बाई जिना चढून वर आल्या. दारात उभ्या राहून त्यांनी एकेक वस्तू पाहिली.

"साहेबानं मले इचारलं तं मी काय सांगू?" त्यांनी विचारलं.

"सांगा, चूल वेगळी आहे."

"पन थे तं नाही ना वं."

"बाई, एका मिनिटाचं काम आहे. सगळेच सांगतात."

त्या तशाच खाली गेल्या. साहेब बुधवारी येणार होते.

सोमवारी शाळेतून आले तर खाली ताट नव्हतं. बाई ओट्याशी उभ्या होत्या, समोर एक टोपली भरून ठेवलेली. ज्वारीचं पीठ, तूरडाळ, तिखट, मीठ, हळद, तेलाची किटली, लोणच्याच्या बरणीतलं अर्धं लोणचं आणि एका वाटीत झाकून ठेवलेलं विरजण. वर त्यांचा स्वतःचा तवा, वापरून काळाभोर झालेला.

"हे घे. आजपासून तुमचं वरतं."

मला वाटलं रागावल्या. मी विनवलं, मग मीही चिडले, संध्याकाळी नवरा खाली जाऊन बोलून आला. त्यांचं उत्तर एकच होतं, आणि ते त्यांनी अगदी साध्या आवाजात दिलं. "बुधवारी मले साहेबाले सांगा लागन का चूल येगळी हाये. मंग येगळी कराले नोको?"

खोटं बोलायचं नाही आणि आमचं कामही अडवायचं नाही, म्हणून त्या बाईनं खोट्याचं खरं करून टाकलं होतं. मी पदवीधर, बीएड झालेली. हा रस्ता असू शकतो हे मला स्वप्नातही सुचलं नसतं. पण थक्क व्हायला मला तेव्हा वेळ नव्हता, कारण भाकरी थापता येत नव्हत्या. दोन दिवस आम्ही नकाशे खाल्ले. दूध उतू गेलं, शेगडीवर करपलं, फोडणीचा धूर खोलीभर झाला.

बुधवारी साहेब आले. तरुण होते, घामानं निथळत होते. वर जाऊन ओटा पाहिला, करपलेलं दूध पाहिलं, तवा पाहिला, आणि हसून म्हणाले, "लोक नवी कोरी भांडी मांडून ठेवतात हो मॅडम. इथं खरंच स्वयंपाक होतो." मग खाली येऊन त्यांनी बाईंना विचारलं, चूल वेगळी आहे का.

"हाये."

"कधीपासून?"

मी डोळ्यांनी खुणावत होते. बाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. "सोमवारपासून. त्याच्या आंधी एकच होती."

साहेबांनी मान वर केली, आम्हा सगळ्यांकडे एकदा पाहिलं, आणि जे ऐकलं तेच लिहून घेतलं. बाईंनी ते वाचून पाहिलं, खाली सही केली. पंधरा दिवसांत वरचं मीटर बसलं. पुढच्या मे महिन्यात दोन्ही बिलं तीनशेच्या आत आली आणि माझं गणित पैन् पै बरोबर निघालं.

मीटर बसलं त्याच दिवशी संध्याकाळी मी आमची दोन ताटं घेऊन खाली गेले होते. नाटक संपलं होतं ना. बाई दारातच म्हणाल्या, "सरकारले सांगतलं वं मी. सही केली. आता चार दिवसात पलटी मारू का?"

मी ताटं घेऊन वर आले.

चार दिवसांत त्यांचं मन वळेल असं आम्हाला वाटलं. चार दिवसांची अकरा वर्षं झाली. भांडण झालं नाही, अबोला नव्हता. त्या वर यायच्या, बसायच्या, माझ्या भाकरीला नावं ठेवायच्या. पण जेवायची वेळ झाली की उठायच्या. सणाला जिना चढून येऊन, कुंकू लावून, शेजारणीला बोलवावं तसं रीतसर बोलवायच्या, "उद्या आमच्या इथं जेवाले या." मीही तसंच बोलवायचे. माझी मुलगी झाली तेव्हा फक्त एक सूट मिळाली. "लेकराले कायची चूल," म्हणत बाईंनी तिला खाली नेलं आणि ती दोन्हीकडे जेवून गुटगुटीत झाली. आमच्या घरातलं एकत्र कुटुंब म्हणजे तेवढी एक मुलगी उरली.

हेही खरं सांगायला हवं की मला ते हळूहळू आवडायला लागलं होतं. आपला ओटा, आपले डबे, आपली वेळ. वेगळं निघायचं मनात असतं तर मला कधी तोंड उघडून म्हणता आलं नसतं. विजेच्या दरानं ते माझ्यासाठी परस्पर करून टाकलं होतं. म्हणून मी त्या कागदाच्या मागे कधी गेले नाही, आणि बाईंच्या शब्दनिष्ठेचं माहेरी कौतुक सांगत राहिले.

पुतण्या पुण्याला नोकरीला लागला. दोन वर्षांपूर्वी दीर गेले. मुलानं बाईंना पुण्याला नेलं, महिन्याभरात त्या परत आल्या. "तिथं लाइटच जात नाही वं," म्हणाल्या, "मंग शेजारीन बाहीर कशी येईन?" खाली त्या एकट्या राहू लागल्या. त्यांच्या मीटरवर महिन्याला तीस-चाळीस युनिटंसुद्धा पडत नव्हती. सगळ्यात खालच्या पायरीवर त्या एकट्या बसल्या होत्या.

गेल्या उन्हाळ्यात अकोला नेहमीसारखंच तापलं होतं. एका दुपारी शाळेतून येताना मी खाली डोकावले. कूलर बंद. बाई जमिनीवर बसून सकाळची गार भाकर पाण्यात भिजवून तिखटाशी खात होत्या. "एकटीसाठी दोनदा कोन पेटवते?" त्या म्हणाल्या. त्यांच्या ब्लाउजची बाही दंडाभोवती सैल झुलत होती आणि हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, पण असंच घटत गेल्या तर हा उन्हाळा जड जाईल, यांना माणसांत बसवून दोन वेळा जेवायला घाला.

मी वरून भाजीची वाटी पाठवायला लागले. त्यांनी नाही म्हटलं नाही, शेजाऱ्याकडून आलेलं परत पाठवत नाहीत. पण रिकामं भांडंही परत पाठवत नाहीत. माझी वाटी दुसऱ्या दिवशी वर यायची ती शेवयांची खीर घेऊन, नाहीतर दोन बेसनाचे लाडू घेऊन. म्हणजे मी एक वाटी पाठवली की ही बाई त्या उकाड्यात तासभर शेगडीपुढे उभी राहायची, आणि स्वतः मात्र तीच भिजवलेली भाकर खायची. मी वाटी पाठवणं बंद केलं. मग हात जोडले. "बाई, वर जेवत चला. नाहीतर आम्ही खाली येतो."

"चूल येगळी हाये वं. कागदावर हाये. माही सही हाये."

त्या वेळी मला रडू आलं आणि त्याच वेळी मी मनातून त्यांच्या पाया पडले. त्या कागदाची ऑफिसात कुणाला आठवणही नसेल, तो उंदरांनी खाल्ला असेल. सही करून घेणारे साहेब कुठं बदलून गेले असतील. आणि इथं एक बाई तीनशे युनिटांच्या एका नियमापुढे उपाशी राहत होती, कारण तिनं हो म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी वीज ऑफिसात गेले. खिडकीतल्या गृहस्थांना सांगितलं, वरचं मीटर कायमचं काढून टाकायचं आहे, दोन्ही मजले एकाच मीटरवर घ्यायचे आहेत.

"घर विकलं का?"

"नाही."

"मॅडम, लोक तीन-तीन मीटर मागतात. एका मीटरवर आलात तर उन्हाळ्यात तीनशेच्या वर जाल. वरचा दर माहीत आहे ना?"

"मी गणित शिकवते."

"मग?"

मी पुष्कळ कारणं शोधली. खोटं एकही सुचेना, इतका त्या बाईंचा गुण मला लागला होता. "माझ्या जाऊबाई जेवत नाहीत," मी म्हटलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. अर्ज कुठला, त्याला काय काय जोडायचं, लोड वाढवायला वेगळा कागद, सगळं त्यांनी स्वतः लिहून दिलं, आणि मी निघाले तेव्हा म्हणाले, "लौकर करून देतो."

आठवड्याभरात दुपारी बाराच्या सुमाराला लाइनमन आला. त्यानं वायर तोडली, मीटर उतरवलं, सील लावलं आणि सहीसाठी कागद पुढे केला. बाई पदर खोचून जिन्याशी उभ्या होत्या.

"याच्यात लिवलं का, चूल एक झाली म्हनून?"

"आजी, आमच्या फॉर्मात चुलीचा रकाना नसतो."

"घ्यायच्या टाइमाले लिवलं होतं ना बाप्पा. मंग आता काहून नाही? खाली लिवा."

लाइनमननं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यानं आमच्या प्रतीच्या तळाशी, ठळक अक्षरात, दोन्ही कुटुंबांची चूल आजपासून एक, असं लिहिलं. बाईंनी अक्षरांवरून बोट फिरवत ते वाचलं आणि खाली सही केली. मग माझ्याकडे पेन दिलं. त्या ओळीखाली माझीही सही पाहिजे होती.

मी वर जाऊन डबे भरू लागले. खाली आले तर बाईंनी परातीत चौघांचं पीठ घेतलं होतं आणि कूलर सुरू होता. आता मीटर धावू दे, मी मनात म्हटलं. ते धावलंच. जूनमध्ये बिल आलं ते तीनशेच्या बरंच वरचं, आणि मी ते जन्मात पहिल्यांदा मागची बाजू न वाचता भरून आले.

मीटर उतरवलं त्या दिवशी जेवायला आम्ही चौघं एका ओळीत बसलो. बाईंनी दोन भाकरी खाल्ल्या. माझी मुलगी त्यांच्याकडे टक लावून बघत होती, मीही बघत होते. मग राहवेना म्हणून मी बोलले, "बाई, तुमच्यासारखं माणूस मी पाहिलं नाही. एका सहीसाठी अकरा वर्षं."

"कायची सही घेऊन बसली वं," त्या म्हणाल्या. ताटातलं चून त्यांनी बोटानं निपटून घेतलं. "मी आपल्या तोंडानं सांगतलं होतं, मले परत घेता येत नव्हतं. पन अर्ज तं तुहा होता. तुले घेता येत होता ना. मले वाटलं आठ दिवसात हापिसात जाशीन. मंग वाटलं, पोरगी झाली, आता जाशीन. हे गेले त्याच्या तेराव्यापर्यंत मी रोज वाट पाहून राहिली होती का तू सांगाले येशीन, बाई, नोको आता ते मीटर."

मी घास हातात धरून बसले होते.

"जेव," बाई म्हणाल्या आणि माझ्या ताटात भाकर वाढली.